कंस उडाला, जागा राहिली

चाळीसगावात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. दर वर्षी एक तास असा येतो, की मी फळ्यावर एक तिरकी रेघ काढते, बोटाचं टोक ओलं करते आणि त्या रेघेवरचा एकच ठिपका पुसून टाकते. पुसलेल्या जागी खडूनं बारीक पोकळ वर्तुळ काढते आणि शेजारी लिहिते : (२, ४). मग वर्गाकडे वळते. शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प असतात, कारण रेघ का पुसली हे कुणालाच कळलेलं नसतं.

रेघेच्या वर हे लिहिलेलं असतं :

य = (क्ष² − ४) / (क्ष − २)

वर एक बहुपदी, खाली एक बहुपदी, मध्ये भागाकाराची रेघ. अशा राशीला परिमेय फलन म्हणतात. दोन पूर्णांकांचा भागाकार केला की परिमेय संख्या मिळते, तसंच दोन बहुपदींचा भागाकार केला की परिमेय फलन. यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्गांतराचं सूत्र प्रत्येकाला पाठ असतं, त्यामुळे क्ष² − ४ चे (क्ष − २) आणि (क्ष + २) असे दोन कंस पडतात, वरचा (क्ष − २) आणि खालचा (क्ष − २) उडतात आणि क्ष + २ उरतं. य = क्ष + २ म्हणजे सरळ रेषा. इथपर्यंत अख्खा वर्ग माझ्याबरोबर असतो.

“मग मॅडम, ठिपका का पुसला? ती क्ष अधिक दोनचीच तर रेषा आहे!”

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि यावा म्हणूनच मी तो ठिपका पुसते.

‘उडवणं’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्यामागे काय घडतं हे विसरूनच जातो. सहा अष्टमांशाचे तीन चतुर्थांश करताना आपण काही उडवत नाही, अंश आणि छेद या दोघांनाही दोनने भागतो. दोन ही साधी संख्या आहे, तिनं भागायला काहीच हरकत नाही. कंस उडवतानाही आपण वर आणि खाली त्या कंसानेच भागत असतो. पण (क्ष − २) ही ठरलेली संख्या नव्हे, क्षची किंमत बदलली की तीही बदलते. क्ष = ७ असेल तर आपण पाचाने भागतो, क्ष = १० असेल तर आठाने. आणि क्ष = २ असेल तर? तर आपण शून्याने भागतो. तेवढ्या एका ठिकाणी कंस उडवण्याचा अधिकारच आपल्याला नसतो.

कॅल्क्युलेटर घ्या. मूळ राशीत क्षच्या जागी १.९ घाला, ३.९ येतात. १.९९ घाला, ३.९९. पलीकडून २.०१ घाला, ४.०१. दोन्ही बाजूंनी उत्तर चाराकडे सरकतंय. आता २ घाला. वर शून्य, खाली शून्य, आणि पडद्यावर चूक दाखवणारी पाटी. क्ष + २ मध्ये मात्र २ घातले की निमूटपणे ४ येतात. म्हणजे या दोन राशी सगळीकडे सारख्या आहेत, फक्त एका जागी वेगळ्या. पहिलीला तिथं किंमतच नाही. आलेखावर त्या जागी जे राहतं त्याला छिद्र म्हणतात. मी वर्गात सरळ ‘भोक’ म्हणते, ते लवकर कळतं.

या भोकाबद्दल एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. त्याला रुंदी नाही. एकच बिंदू गेलेला आहे, आणि बिंदूला लांबी-रुंदी नसते. त्यामुळे संगणकावर हा आलेख काढला तर पडद्यावर अखंड रेषा दिसते. पडद्यावरचा सगळ्यात लहान ठिपकाही त्या छिद्रापुढे प्रचंड मोठा. कागदावर आपण जे पोकळ वर्तुळ काढतो ती नुसती खूण आहे, ‘इथं काही नाही’ असं सांगणारी. म्हणून छिद्र डोळ्यांनी शोधता येत नाही. ते बीजगणितानंच शोधावं लागतं.

मी हे शिकले ती एका शून्य गुणामुळे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी चाचणीत समीकरण आलं होतं : (क्ष² − ४) / (क्ष − २) = ४. मी कंस उडवला, क्ष + २ = ४ लिहिलं, उत्तर क्ष = २, आणि खाली दुहेरी रेघ मारली. पेपर परत आला तेव्हा त्या रेघेखाली लाल शाईत तीनच शब्द होते : ‘दोन घालून बघ.’ मी घातले. शून्य भागिले शून्य. या समीकरणाला उत्तरच नाही. जी एकमेव जागा उत्तराची वाटते, नेमकी तीच जागा रेषेवर नाही. तो पेपर मी अजून जपून ठेवला आहे.

आता छिद्र शोधायचं कसं, ते थोडं मोठं उदाहरण घेऊन पाहू :

य = (क्ष² − ५क्ष + ६) / (क्ष² − ९)

पहिलं काम अवयव पाडणं. वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). काहीही उडवण्याआधी खालच्या ओळीकडे बघायचं आणि छेद कुठं कुठं शून्य होतो ते लिहून ठेवायचं : क्ष = ३ आणि क्ष = −३. या दोन जागा या फलनाला कायमच्या बंद आहेत. हे आधी लिहायचं, कारण एकदा कंस उडाला की पुरावाच नाहीसा होतो. मग (क्ष − ३) उडवायचा. उरलं (क्ष − २) / (क्ष + ३). छिद्र क्ष = ३ ला आहे हे कळलं. ते किती उंचीवर आहे? उरलेल्या राशीत ३ घाला, १/६ येतं. म्हणजे छिद्र (३, १/६) या बिंदूवर. मूळ राशीत २.९९ घातले तर सुमारे ०.१६५३ आणि ३.०१ घातले तर सुमारे ०.१६८१ येतात. एक षष्ठांश म्हणजे ०.१६६६…, दोघांच्या मधोमध.

आणि −३ चं काय? तो कंस उडालेला नाही, खाली तसाच बसून आहे. तिथं आलेख अगदी वेगळा वागतो. −३.०१ घाला, ५०१ येतात. −२.९९ घाला, −४९९. जागा इंचभरही सरकलेली नाही आणि आलेख आभाळातून पाताळात गेला. याला उभी अनंतस्पर्शी रेषा म्हणतात, माझ्या वर्गात तिचं नाव ‘भिंत’. छेद दोन्हीकडे शून्यच झाला, पण एका जागी बारीकसं भोक आणि दुसऱ्या जागी भिंत. फरक कशानं पडला? तीनच्या जागी छेदाबरोबर अंशही शून्य झाला. उणे तीनच्या जागी अंश ३० होता.

मुलांना मी याची एक खूण देते. छेद शून्य करणारी संख्या मूळ राशीत घालून बघा. शून्याखाली शून्य आलं तर तिथं समाईक कंस आहे, हे नक्की. एखादी खरीखुरी संख्या शून्याखाली आली तर भिंत. यातलं पहिलं नक्की कसं, तर त्याची हमी नववीच्या शेष सिद्धांतानं दिलेली आहे. बहुपदीत २ घातल्यावर शून्य आलं, की (क्ष − २) तिचा अवयव असतोच. वरच्या बहुपदीत शून्य आलं, खालच्यातही आलं, तर तो अवयव दोघींतही असणारच. उदाहरणार्थ (क्ष³ − ८) / (क्ष² − ४). दोन घातले की वर शून्य, खाली शून्य. कंस उडवल्यावर (क्ष² + २क्ष + ४) / (क्ष + २) उरतं, त्यात दोन घातले की बारा भागिले चार. छिद्र (२, ३) वर.

अवयव पडतच नसतील तर? तर प्राथमिक शाळेत शिकलेला मसावि मदतीला येतो. दोन संख्यांचा मसावि काढताना मोठीला लहानीने भागायचं, बाकीने लहानीला भागायचं, असं बाकी संपेपर्यंत. युक्लिडची ही रीत बहुपदींनाही जशीच्या तशी लागू पडते. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८५ मध्ये ती बहुपदींसाठी वापरून दाखवली. क्ष³ − ८ ला क्ष² − ४ ने भागलं की बाकी उरते ४क्ष − ८, म्हणजेच ४ गुणिले (क्ष − २). तिनं क्ष² − ४ ला भागलं की बाकी काहीच नाही. चार ही नुसती संख्या, ती सोडून द्या. मसावि (क्ष − २). छिद्र असलंच तर मसावि शून्य होतो तिथंच असणार.

‘असलंच तर’ म्हणण्याचं कारण आहे. (क्ष − १) / (क्ष − १)² घ्या. वरचा एक कंस खालच्या एकाला घेऊन जातो, पण खाली अजून एक शिल्लक राहतो. तिथं भिंतच. उलट (क्ष − १)² / (क्ष − १) मध्ये खालचा कंस पूर्ण संपतो, तिथं छिद्र, आणि तेही थेट क्ष-अक्षावर, (१, ० ) ला. मुलं त्याला हमखास समीकरणाचं मूळ म्हणून लिहितात आणि गुण घालवतात.

हे सगळं शिकवताना मला राहून राहून आमच्या पंचक्रोशीची आठवण येते. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख सापडला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला, त्या मठाला मिळालेल्या दानाची ती नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव नेमकं कोणतं यावर वाद आहे आणि तो चालू राहो. त्यांचं गणित इथं शिकवलं जात होतं, हे मात्र दगडात कोरलेलं आहे.

त्या गणितात शून्य भागिले शून्याचं एक कोडं आहे. ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची, तेव्हा भास्कराचार्य छत्तीस वर्षांचे. कोडं माझ्या शब्दांत असं : एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिपटीनं वाढवलं, मग शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? उत्तर दिलं आहे १४. आजच्या मुलाला हे ऐकवलं तर तो म्हणेल, शून्याने गुणल्यावर सगळं शून्यच झालं, पुढे काय उरलं? पण भास्कराचार्यांनी तिथं एक सूचना करून ठेवली आहे. पुढे अजून क्रिया बाकी असतील तर शून्याने गुणलेली संख्या लगेच शून्य मानू नये, ती ‘खगुण’ म्हणून तशीच धरून ठेवावी. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य. पुढे शून्याने भागायची वेळ आली की संख्या होती तशी परत मिळते.

आता त्या शून्याच्या जागी आपला क्ष लिहून बघा. चौदा क्ष, त्यात त्याचं निम्मं म्हणजे सात क्ष, झाले एकवीस क्ष. तिप्पट केली, ६३क्ष. क्षने भागलं : ६३क्ष / क्ष. हे परिमेय फलन आहे! त्याचा आलेख ६३ च्या उंचीवरची आडवी रेषा, आणि तिला क्ष = ० या जागी एक छिद्र. भास्कराचार्यांचे त्रेसष्ट म्हणजे त्या छिद्राची उंची. त्यांनी आलेख काढला असं मी म्हणत नाही, सीमेची आजची व्याख्याही त्यांच्याकडे नव्हती. पण शून्य होऊ घातलेल्या अवयवाला घाईनं शून्य करू नका, त्याचा हिशोब ठेवा, ही जाण त्या सूचनेत स्वच्छ आहे. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग होतो, असंही त्यांनी तिथंच नोंदवलं आहे. आणि ज्या राशीत खाली शून्य आहे पण वर नाही, तिला त्यांनी वेगळं नाव दिलं : खहर. ‘बीजगणिता’त तिची तुलना ते अनंत, अच्युत परमेश्वराशी करतात, कितीही मिळवा, कितीही काढा, तिच्यात फरक पडत नाही. माझी भिंत ती हीच.

त्याआधी ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असा नियम दिला होता. शून्याचे नियम इतके पद्धतशीर मांडणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, पण हा नियम टिकला नाही, आणि का टिकला नाही ते छिद्रांकडे पाहिलं की कळतं. ६३क्ष / क्ष चं छिद्र ६३ वर, ५क्ष / क्ष चं ५ वर, आपल्या पहिल्या उदाहरणाचं ४ वर. तिन्हीकडे शून्य भागिले शून्यच, आणि उंची दर वेळी निराळी. शून्य भागिले शून्याला एकच किंमत कायमची बहाल करता येत नाही. शून्यं कुठून आली, कुठल्या वाटेनं आली, ते बघावं लागतं.

ती वाट बघणं हेच पुढे कलनशास्त्र झालं. विहिरीत दगड सोडा. क्ष सेकंदांत तो साधारण ५क्ष² मीटर खाली जातो (खरं म्हणजे ४.९, हिशोबाच्या सोयीसाठी ५ धरू). एका सेकंदाच्या क्षणी त्याचा वेग किती? एका क्षणात दगड काहीच अंतर कापत नाही आणि वेळही जात नाही. शून्य भागिले शून्य. म्हणून आपण एका सेकंदापासून क्ष सेकंदापर्यंतचा सरासरी वेग काढतो : (५क्ष² − ५) / (क्ष − १). अवयव पाडा, कंस उडवा, उरतं ५(क्ष + १). क्ष = १.१ ला साडेदहा, १.०१ ला १०.०५. क्ष = १ ला छिद्र आहे, आणि त्याची उंची १०. सेकंदाला १० मीटर, हा त्या क्षणाचा वेग. मुलं वर्षभर डेरिव्हेटिव्हची सूत्रं घोकतात, पण प्रत्येक बहुपदीचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे अशाच एका छिद्राची उंची असते हे त्यांना कुणी सांगत नाही. मी हे सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाली, “म्हणजे जिथं उत्तर नाही तिथंच उत्तर आहे.” मी पुढचा तास त्या वाक्यावरच घेतला.

न्यूटनच्या पश्चात या पायरीवर मोठं वादळ उठलं. आयर्लंडमधल्या जॉर्ज बर्कली या धर्मगुरूनं १७३४ मध्ये गणितज्ञांना जाब विचारला : भागताना तुम्ही ती बारीक वाढ शून्य नाही असं धरता, आणि भागून झालं की ती शून्य करून टाकता, हे कुठल्या न्यायानं? प्रश्न अगदी योग्य होता. माझ्या पेपरावरच्या लाल शाईचाच तो प्रश्न. त्याचं समाधानकारक उत्तर यायला जवळपास शतक लागलं. १८२१ मध्ये कोशी या फ्रेंच गणितज्ञानं आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेच्या पायावर हे सगळं उभं केलं : आम्ही त्या जागी पाय ठेवतच नाही, दोन्ही बाजूंनी हवं तितकं जवळ जातो आणि उंची कुठं चालली आहे ते पाहतो. ती उंची मग आपण त्या जागी ठरवून बसवू शकतो. छिद्र बुजतं, रेषा अखंड होते. बारावीची मुलं याला रिमूव्हेबल डिसकंटिन्युइटी म्हणतात. पण बुजवल्यावर ते नवं फलन झालं, जुनं नव्हे, हे लिहून द्यावं लागतं.

हा काटेकोरपणा परीक्षेपुरता नाही. यंत्रांचं नियंत्रण शिकणाऱ्या इंजिनिअरांच्या अभ्यासात पोल-झीरो कॅन्सलेशन नावाचा भाग असतो. यंत्रणेचं वर्तन तिथं परिमेय फलनानं मांडतात, आणि वर-खाली समाईक अवयव उडाला की सूत्र सुटसुटीत दिसतं. पण उडालेला अवयव अस्थिर हालचालीचा असेल तर सूत्रात तो दिसत नाही आणि यंत्राच्या आत ती हालचाल मात्र वाढत राहते. कागदावर शांत, आत धोका. म्हणून तसा अवयव उडवून निश्चिंत होऊ नये, असं तिथं बजावून शिकवतात.

शिकवण्या, गाइडं, उत्तरपत्रिकांचे नमुने, सगळीकडे मी एकच ओळ गहाळ झालेली पाहते. कंसावर तिरकी काट असते आणि पुढची ओळ लगेच सुरू होते. तुमच्या घरात अकरावी-बारावीचं मूल असेल तर आज त्याची गणिताची वही उघडा. काट मारलेल्या कंसाशेजारी ‘क्ष ≠ २’ असं काही लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर त्याला तिथं पेन्सिलीनं लिहायला लावा, आणि मग हे गणित द्या : (क्ष² + क्ष − ६) / (क्ष² − ४). एक छिद्र आहे, एक भिंत आहे. छिद्राची उंची १ १/४ आली तर बरोबर.